बावीस भागिले सात

सॅन फ्रान्सिस्को शहरात एक्स्प्लोरेटोरियम नावाचं विज्ञान संग्रहालय आहे. रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ फ्रँक, तेही भौतिकशास्त्रज्ञ, यांनी १९६९ मध्ये ते सुरू केलं. तिथल्या वस्तू काचेआडून बघायच्या नसतात, त्या हातात घ्यायच्या, फिरवायच्या, बिघडल्या तर का बिघडल्या ते शोधायचं. अशा जागी गणिताचा सण जन्माला आला याचं मला मुळीच नवल वाटत नाही. तिथे काम करणारे लॅरी शॉ हे भौतिकशास्त्रज्ञ १९८८ साली १४ मार्चला सहकाऱ्यांना आणि संग्रहालयात आलेल्या लोकांना घेऊन एका गोल जागेभोवती फिरले, आणि मग सगळ्यांनी मिळून फळांचं सारण भरलेले गोल पाय खाल्ले. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. म्हणून १४ मार्च म्हणजे ३.१४, पाय (π) या संख्येची सुरुवात, आणि त्या दिवशी दुपारचे १ वाजून ५९ मिनिटं म्हणजे तिचे पुढचे तीन अंक. पहिला ‘पाय दिन’ तो हा.

पुढे दरवर्षी ही मिरवणूक निघू लागली. प्रत्येकाच्या हातात एका अंकाची पाटी, अंक पायच्या क्रमाने. संग्रहालयात पायचे अंक कोरलेली पितळी तबकडी बसवली होती. मिरवणूक तिथवर जायची, तिला ३.१४ प्रदक्षिणा घालायची, आणि १४ मार्च हा आइन्स्टाइन यांचाही जन्मदिवस असल्याने त्यांच्या वाढदिवसाचं गाणं म्हणायची. २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने या दिवसाला पाठिंबा देणारा ठराव केला. २०१९ मध्ये युनेस्कोने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन ठरवला. शॉ २०१७ मध्येच गेले, त्यामुळे ही शेवटची गोष्ट त्यांना पाहता आली नाही.

स्थिरांक गणितात पुष्कळ आहेत, पण सण साजरा होतो तो पायचाच. याचं कारण माझ्या मते सरळ आहे. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की पाय मिळतो. बांगडी असो की विहीर, गुणोत्तर तेच. सहावी-सातवीतलं मूल दोरी आणि पट्टी घेऊन त्याच्यापाशी पोचू शकतं. आणि तरीही तो कधी संपत नाही. तो अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकाराने तो नेमका लिहिता येत नाही, हे लँबर्ट यांनी अठराव्या शतकात सिद्ध केलं. १८८२ मध्ये लिंडेमान यांनी त्याहून खोलवरची गोष्ट दाखवली: परिमेय सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचं तो उत्तर नाही. मोजायला इतकी सोपी आणि संपवायला इतकी अशक्य, अशी दुसरी संख्या मला माहीत नाही. लॉगॅरिथमच्या पायाशी असलेला ई मलाही फार प्रिय आहे, पण तो दोरीने मोजता येत नाही.

आपल्याकडे हा दिवस साजरा करायचा तर मी १४ मार्च घेणार नाही, २२ जुलै घेईन. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. २२ जुलै म्हणजे २२/७. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या हाताखालून हा अपूर्णांक गेलेला आहे. मार्चमध्ये शाळांवर परीक्षेचं सावट असतं. जुलैत वर्ष नुकतं सुरू झालेलं असतं, बाहेर पाऊस असतो आणि वर्गात बसून करायच्या खेळांना वेळ असतो. त्यातही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की २२/७ हा ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ आहे. ३.१४ मध्ये सुमारे ०.००१६ कमी पडतात, २२/७ मध्ये सुमारे ०.००१३ जास्त होतात. म्हणजे आपली तारीख त्यांच्या तारखेपेक्षा अचूक.

हा फरक किती लहान आहे ते घरात पाहता येतं. जेवणाचं स्टीलचं ताट घ्या. समजा व्यास नेमका २८ सेंटिमीटर भरला. २२/७ ने परीघ ८८ सेंटिमीटर येतो. खरा परीघ ८७.९६ च्या किंचित वर. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर. आता ताटाभोवती सुतळी गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे नखाने खूण करा आणि पट्टीवर सरळ धरा. सुतळीची जाडीच या फरकापेक्षा जास्त आहे. थोडी जास्त ओढली तर ती ताणते, सैल सोडली तर कडेवरून घसरते. काठ वळवलेला असेल तर व्यास आतून मोजायचा की बाहेरून, यावर वाद होतो, आणि तो वाद होऊ द्यावा. दोन मित्रांनी एकच ताट मोजून ३.१२ आणि ३.१६ अशी उत्तरं आणली की मोजमाप म्हणजे काय ते कळायला लागतं. सुतळीने २२/७ आणि पाय यांत फरक करता येणारच नाही.

भास्कराचार्यांनी हेच ओळखलं होतं. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यांनी परीघ काढण्याचे दोन मार्ग दिले. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागलं की सूक्ष्म उत्तर, २२ ने गुणून ७ ने भागलं की स्थूल, पण व्यवहाराला पुरेल असं. यातली पहिली किंमत दशांशात ३.१४१६ होते. तीच किंमत आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ या रूपात दिली होती, आणि ती जवळची किंमत आहे, नेमकी नाही, हेही त्याच ठिकाणी सांगून ठेवलं होतं. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात या किमतीने जेमतेम ७ मिलिमीटरची चूक होते. २२/७ ने तिथे सव्वा मीटरची होते. कुठल्या कामाला कोणती किंमत, हा विवेक ‘लीलावती’ शिकवते, आणि पाठ्यपुस्तकातल्या ‘पायची किंमत २२/७ घ्या’ या एका ओळीत तो हरवून जातो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला होता. त्याला १२०७ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. २२/७ हा अपूर्णांक महाराष्ट्रात पूर्वीपासून शिकवला जात आला आहे, असं म्हणताना पाटणचा हा दगड माझ्या डोळ्यांपुढे असतो.

ताट एकट्यानेही मोजता येतं. मित्र खरोखर लागतात ते पुढच्या खेळाला.

काडेपेटीतल्या काड्या घ्या, गूल मोडून टाका आणि सगळ्या सारख्या लांबीच्या करा. मोठ्या कार्डशीटवर समांतर रेघा आखा. दोन रेघांमधलं अंतर काडीच्या लांबीइतकंच हवं. आता हातभर उंचीवरून, न बघता, एकेक काडी टाकायची. काडी रेघेला शिवून पडली की नोंद करायची. टाकलेल्या काड्यांची दुप्पट करून तिला रेघेवर पडलेल्या काड्यांनी भागायचं. १०० पैकी ६४ काड्या रेघेवर पडल्या तर उत्तर २०० भागिले ६४, म्हणजे ३.१२५. अठराव्या शतकातले फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. १७७७ मध्ये त्यांचं त्यावरचं लेखन छापून आलं.

सरळ काड्या आणि सरळ रेघा, यात वर्तुळ आलं कुठून? याचं उत्तर १८६० मध्ये बार्बिये यांनी इतक्या सुंदर रीतीने दिलं की ते २२ जुलैच्या सभेत करून दाखवलंच पाहिजे. त्यासाठी एक पातळ बांगडी हवी, जिचा व्यास रेघांमधल्या अंतराइतका असेल. काड्यांच्या मापाची बांगडी मिळणार नाही, म्हणून बांगडीच्या मापाने दुसऱ्या कागदावर रेघा आखा. बांगडी कशीही टाका, ती रेघांना दोनच ठिकाणी भेटते. बहुतेक वेळा एकच रेघ तिला दोन जागी कापते. क्वचित ती शेजारच्या दोन रेघांना एकेका जागी टेकते. पुन्हा टाका, पुन्हा दोन. मुलं हे पटेपर्यंत टाकत राहतात, आणि त्यांना टाकू द्यावं. आता मनात बांगडीचे हजारो बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकडा रेघेवर पडण्याची शक्यता सारखीच. तो वळणावर आहे की सरळ भागात, याने काही बदलत नाही, फक्त त्याची लांबी मोजली जाते. म्हणजे कोणतीही तार, वाकडी किंवा सरळ, सरासरीने रेघांना किती वेळा भेटेल हे तिच्या लांबीवर ठरतं. बांगडीची लांबी व्यासाच्या पायपट, आणि तिच्या भेटी दोन. काडीची लांबी तिच्या कागदावरच्या रेघांमधल्या अंतराइतकी, म्हणजे त्या मापाच्या बांगडीच्या व्यासाइतकीच, म्हणून तिच्या भेटी सरासरी दोन भागिले पाय. वर्तुळ कागदावर कुठेच काढलेलं नाही, पण बांगडी त्या हिशोबात बसलेली आहे. गणितात मला भेटलेल्या अत्यंत देखण्या युक्तिवादांपैकी हा एक आहे, आणि त्याला आठवीच्या पुढचं काही लागत नाही.

आता अचूकतेचा प्रश्न. १०० काड्या टाकून ३.१४ यावं अशी आशा धरणारे मित्र निराश होतात. १०० काड्यांत उत्तर सहज पाव अंशाने इकडे-तिकडे सरकतं. २.९ येईल, ३.४ येईल, आणि दोन्ही प्रामाणिक उत्तरं आहेत. काड्या वाढवल्या की चूक घटते, पण वर्गमुळाच्या चालीने घटते. दहापट अचूकता हवी तर शंभरपट काड्या टाकाव्या लागतात. एकट्याचा हात इथे लवकर दमतो. म्हणून हा मित्रांचा सण आहे, आणि हे मी भावनेने म्हणत नाही, संभाव्यतेचं गणितच तसं आहे. तीस जणांनी शंभर-शंभर काड्या टाकल्या तर तीन हजार होतात आणि पायची किंमत साधारण ३.१० ते ३.१८ च्या टप्प्यात येऊन बसते. प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर वेडंवाकडं असतं. सगळ्यांची बेरीज करून काढलेलं उत्तर सहसा त्यांतल्या बहुतेकांपेक्षा चांगलं असतं. फळ्यावर तीस उत्तरं लिहून मग एकत्र उत्तर काढण्याचा क्षण अजिबात चुकवू नये.

इथेच मारिओ लाझ्झारिनी या इटालियन गणितज्ञाची गोष्ट सांगायला हवी. १९०१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ३,४०८ वेळा सुई टाकून पायची किंमत सहा दशांशस्थळांपर्यंत बरोबर मिळाली. त्यांची सुई अडीच सेंटिमीटरची होती आणि रेघांतलं अंतर तीन सेंटिमीटरचं. सुई १,८०८ वेळा रेघेवर पडली. या मापांनी हिशोब केला की नेमकं ३५५/११३ येतं. हा अपूर्णांक चीनमध्ये पाचव्या शतकापासून माहीत आहे आणि पायची तो अप्रतिम किंमत आहे. पण एवढ्या सुयांमध्ये इतकी अचूकता येणं जवळपास अशक्य. गुणोत्तर नीट पाहिलं तर ३,४०८ म्हणजे २१३ ची सोळापट आणि १,८०८ म्हणजे ११३ ची सोळापट. सुईचं माप असं निवडलं आहे की २१३ सुयांमागे ११३ रेघेवर पडल्या की ३५५/११३ आपोआप यावं. मग सुया टाकत राहायच्या आणि हे गुणोत्तर जुळलं त्या घडीला थांबायचं. अनेक अभ्यासकांनी या प्रयोगावर हाच संशय घेतला आहे आणि मलाही तो पटतो. म्हणून आपल्या सभेचा एकच कडक नियम असावा: किती काड्या टाकायच्या ते आधी ठरवायचं आणि मनाजोगं उत्तर आलं म्हणून मध्येच थांबायचं नाही.

एकट्याने आकडेमोड करण्याचा धोका वेगळाच असतो. इंग्लंडमधल्या विल्यम शँक्स यांनी हाताने पायची ७०७ दशांशस्थळं काढली आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयात १९३७ मध्ये पायसाठी एक गोल दालन सजवलं गेलं, त्यात हे अंक वर भिंतीवर गोलाकार लावले गेले. १९४० च्या दशकात डी. एफ. फर्ग्युसन यांनी तोच हिशोब दुसऱ्या सूत्राने केला, तेव्हा कळलं की शँक्स यांचा ५२८ वा अंक चुकलेला आहे आणि त्यापुढचे सगळेच निरुपयोगी आहेत. दालनातले अंक मग दुरुस्त केले गेले. शँक्स यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या हयातीत शेजारी बसून तोच हिशोब वेगळ्या वाटेने करणारं कुणी असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच वाटतं.

अंक पाठ म्हणण्याच्या स्पर्धा पाय दिनाला सगळीकडे होतात. भारतातल्या राजवीर मीना यांनी २०१५ मध्ये वेल्लोरला डोळ्यांवर पट्टी बांधून ७०,००० अंक म्हणून दाखवले. संगणकांची मजल २०२२ मध्ये १०० लाख कोटी अंकांपर्यंत गेली, आणि त्यानंतरही ती पुढे सरकली आहे. नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ग्रहांपर्यंत यानं नेताना पंधरा दशांशस्थळांवर भागवते. स्मरणशक्तीचं कौतुक जरूर करावं, पण सभेचा सगळा वेळ त्यात घालवू नये.

त्याऐवजी एक खेळ सुचवतो, ज्यात रेघ नाही, काडी नाही, वर्तुळाचा मागमूसही नाही. प्रत्येकाने आपल्या फोन नंबरातले शेवटचे चार आकडे कागदावर लिहायचे. आता दोन-दोन जणांनी आपापल्या संख्यांचा मसावि काढायचा. मसावि १ आला तर त्या संख्या सहमूळ. दहा मित्र असतील तर पंचेचाळीस जोड्या होतात. त्यांतल्या किती सहमूळ निघाल्या ते मोजायचं.

मसावि भागाकार पद्धतीने काढा, अवयव पाडत बसू नका. नमुन्यादाखल मी दोन लाडक्या संख्या घेतो. एक ६१७४, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेला स्थिरांक. दुसरी १७२९, रामानुजन आणि हार्डी यांच्या टॅक्सीवाल्या गोष्टीतली. ६१७४ ला १७२९ ने भागलं की बाकी ९८७. १७२९ ला ९८७ ने भागलं की ७४२. ९८७ ला ७४२ ने भागलं की २४५. ७४२ ला २४५ ने भागलं की ७. आणि २४५ ला ७ ने पूर्ण भाग जातो. मसावि ७, म्हणजे या दोघी सहमूळ नाहीत.

दोन्ही संख्यांना २ ने भाग जाण्याची शक्यता एक चतुर्थांश, ३ ने जाण्याची एक नवमांश, ५ ने जाण्याची पंचविसांत एक. असं सगळ्या मूळ संख्यांबाबत टाळायचं, तर उरणारी शक्यता ६ भागिले पायचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.६१. यामागे ऑयलर यांनी १७३४ च्या सुमारास काढलेली बेरीज आहे: १, एक चतुर्थांश, एक नवमांश, एक षोडशांश अशी वर्गांच्या व्यस्तांची न संपणारी बेरीज पायचा वर्ग भागिले ६ इतकी भरते. आपल्या पंचेचाळीस जोड्यांपैकी सत्तावीस सहमूळ निघाल्या तर प्रमाण ०.६. ६ ला ०.६ ने भागून १०, आणि पाय बरोबर १० चं वर्गमूळ, ३.१६. सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी सूक्ष्म कामासाठी सांगितलेली पायची किंमत हीच, १० चं वर्गमूळ. दहा मित्रांत आठ जणांचे नंबर सम असले तर मात्र उत्तर भलतीकडे जातं, कारण तेच नंबर पुन्हा पुन्हा जोड्यांत येतात. तेव्हा शेजारच्या वर्गालाही बोलवावं.

सण दरवर्षी व्हायचा असेल तर वही ठेवावी. काड्यांच्या प्रयोगाची प्रत्येक वर्षाची नोंद, टाकलेल्या काड्या आणि रेघेवर पडलेल्या काड्या, तिच्यात लिहायची आणि मागच्या बेरजेत मिळवायची. चाळीस मुलांच्या वर्गाने शंभर-शंभर काड्या टाकल्या तर वर्षाला चार हजार होतात. पंचवीस वर्षांत एक लाख, आणि उत्तर साधारण ३.१३ ते ३.१५ च्या मध्ये येतं. या वहीवरून २२/७ आणि पाय यांत फरक करायचा म्हटलं तर, तोही अगदी अंधुकपणे, सुमारे पस्तीस लाख काड्या लागतील. वर्षाला चार हजारांच्या हिशोबाने साधारण ८८० वर्षं. ‘लीलावती’ लिहिली गेली त्या वर्षापासून कुणी दर पावसाळ्यात न चुकता चार-चार हजार काड्या टाकत आलं असतं, तर बावीस भागिले सात म्हणजे पाय नव्हे याची चाहूल त्यांच्या वहीला आता कुठे लागू लागली असती.